मचाण

मचाण : वन्य पशूंवर पाळत ठेवण्यासाठी, त्यांची शिकार करण्यासाठी किंवा उभ्या पिकाच्या राखणीसाठी जमिनीपासून उंचावर बांधलेली तात्पुरती बैठक. ‘मंच’ या संस्कृत शब्दावरून हा शब्द आला असून हिंदीत त्याचे ‘मचान’ असे रूप आहे. शेतातील मचाणास मराठीत बहुधा ‘माळा’ म्हणतात. जंगलातील मचाण झाडाच्या आधाराने, तर शेतातील माळा चार मेढी रोवून उभारतात. या दोहोंची बांधणी सारखी वाटली, तरी त्यांवर बसणाऱ्याचे हेतू, हक्क आणि बंधने फार भिन्न आहेत. या विषयात होणारे पुष्कळसे गैरसमज हा भेद लक्षात न घेतल्यामुळे होतात.

रचना : शिकारीचे मचाण सामान्यतः ४ ते ६ मी. उंचीवर, दोन-तीन भक्कम फांद्यांच्या बेचक्यात बांधीत. आडव्या वाशांवर बाज उलटी टाकून ती दोरांनी जखडणे ही मध्य भारतात रूढ असलेली सर्वांत सोपी पद्धत होय. खिळे ठोकण्यापेक्षा दोर वापरणे पसंत करीत, कारण ठोकण्याचा आवाज रानात लांबवर जातो आणि झाडालाही इजा होते. समोरच्या बाजूस पानांचा आडोसा करीत. मात्र त्यासाठी पाला त्याच जातीच्या झाडाचा, पण दुसऱ्या ठिकाणाहून आणावा असा संकेत होता. मचाणाखाली ताजी तोड दिसली, की सावध जनावर परत फिरते. वाऱ्याची दिशा, चंद्र उगवण्याची बाजू व जनावराची येण्याची वाट या तीन गोष्टी पाहून झाड निवडीत. बसणाऱ्याने ऊन कलण्यापूर्वी वर चढावे आणि त्याला पोचविण्यास आलेल्या माणसांनी मोठ्याने बोलत निघून जावे, म्हणजे सर्व माणसे गेली असे जनावरास वाटते, अशी युक्ती जुने शिकारी सांगत. उंचीमुळे माणसाचा वास वरच्यावर वाहून जातो आणि बहुतेक जनावरे सहसा वर पाहत नाहीत, हे मचाणाच्या उपयुक्ततेचे खरे कारण होय. बिबळ्या याला अपवाद आहे. तो स्वतःच झाडावर चढत असल्यामुळे त्याच्यासाठी बसणाऱ्यास अधिक सावध राहावे लागे.

मृगया हा राजांचा विनोद असल्याने तिच्या पद्धतींचे वर्णन जुन्या ग्रंथांत आढळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या संस्कृत कोशग्रंथात मृगयेवर स्वतंत्र विवेचन आहे. राजस्थानातील संस्थानिकांनी शिकारीसाठी दगडी बुरूजच बांधले होते; मेवाडात त्यांना ‘ओदी’ म्हणत. सामान्य शिकाऱ्याला मात्र झाड आणि बाज एवढेच साधन उपलब्ध असे.

सरकारी जंगलातील शिकारीचे नियम : ब्रिटिश अमदानीत मध्य प्रांत व वऱ्हाडातील, विशेषतः चांदा व मेळघाट भागांतील, राखीव जंगलांचे शिकारीसाठी गट पाडण्यात आले होते. ठराविक मुदतीसाठी एका परवानाधारकास एक गट मिळे. त्याने कोणती जनावरे किती मारावी हे परवान्यात नमूद असे. मुदत संपेपर्यंत त्या गटात दुसऱ्या शिकाऱ्यास प्रवेश नसल्याने ‘मचाण कोणाचे’ हा वाद सहसा उद्भवत नसे. वाद होत ते निराळ्याच पक्षांमध्ये. ज्या झऱ्यावर मचाण बांधले जाई, त्याच झऱ्यावर गावची गुरे पाणी पीत आणि बायका घागरी भरीत. शिकारी बसला की दोन-चार दिवस ती वाट बंद होई. त्याच्या हाक्यासाठी लागणारी माणसे गावातूनच आणीत. त्यांना मजुरी मिळे, पण ती सर्वत्र आणि पुरेशी मिळे असे नाही. संस्थानी मुलखात तर हे काम कित्येकदा वेठीचेच असे. शिकारीच्या साहित्यात मचाणावरील माणसाचे धैर्य पुष्कळ वर्णिले आहे. खाली हाका करणाऱ्यांचे धैर्य अधिक होते, हे त्यातील फार थोड्या लेखकांनी मान्य केले आहे.

भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या २६ व्या कलमानुसार राखीव वनात झाड तोडणे, छाटणे, त्यास इजा करणे आणि नियमांचा भंग करून शिकार करणे या गोष्टी अपराध ठरतात. म्हणजे शिकारीचा परवाना असला, तरी मचाणासाठी वाटेल ते झाड तोडण्याची मुभा त्यातून मिळत नसे. हा अधिनियम अद्याप लागू आहे. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशू व वन्य पक्षी यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र अधिनियम केला. त्यानंतर वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा केंद्रीय कायदा आला. त्याच्या मूळ १७ व्या कलमात शिकारीच्या रीतींवरील निर्बंध एकत्रित केलेले होते व ते मचाणावर बसणाऱ्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे होते. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिकार करण्यास आणि कृत्रिम प्रकाशझोत वापरण्यास त्याने मनाई केली. मात्र मांसाहारी जनावर त्याने मारलेल्या भक्ष्यावर येत असल्यास खास परवानगीने या दोन्ही गोष्टी करता येत. पाणवठा, खारी माती चाटण्याची जागा व तिकडे जाणारी वाट येथे शिकार करण्यासही बंदी होती; त्यातून केवळ पखुर्डी व पाणपक्षी वगळले होते. मोटारीतून शिकार, विषप्रयोग, फासे, वणवा लावून जनावर बाहेर काढणे हेही प्रकार निषिद्ध होते. खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीवाचून शिकार करता येत नसे. पाणवठ्यावरील बंदीमागील तत्त्व साधे होते. उन्हाळ्यात जनावरास पाण्यावर येण्यावाचून गत्यंतर नसते. तेथे दबा धरून बसणाऱ्याने त्याची निवडच हिरावून घेतलेली असते.

शिकाऱ्यांचे संकेत : कायद्यापेक्षा जुने व काही बाबतींत अधिक कडक असे संकेत शिकाऱ्यांनी आपसांत रूढ केले होते. पहिल्या गोळीने ज्याने रक्त काढले, जनावर त्याचे. नंतर दुसऱ्याने ते लोळविले तरी हक्क बदलत नसे. नेमके दिसल्याखेरीज केवळ हालचालीवर किंवा आवाजावर गोळी झाडू नये. हाका चालू असताना हाकाऱ्यांच्या रांगेच्या दिशेने बंदूक रोखू नये. मादी व पिलू यांना सोडून द्यावे. आमिष म्हणून बांधलेल्या रेडकाची किंमत मालकाला आधी चुकती करावी. या सर्वांहून मोठे बंधन जखमी जनावरासंबंधीचे होते. जखमी करून सोडलेला वाघ किंवा बिबळ्या हा त्या परिसरातील गुराख्यांच्या जिवावर उठे. म्हणून रात्री मचाणावरून खाली उतरू नये, परंतु उजाडल्यावर रक्ताचा माग काढून त्याचा शेवट करण्याची जबाबदारी गोळी झाडणाऱ्याने स्वतः पार पाडावी, ती गावकऱ्यांवर ढकलू नये, असा दंडक होता. मध्य भारतात अशा वेळी म्हशींचा कळप पुढे घालून माग काढीत. माणसे खाणाऱ्या वाघांपैकी कित्येक जुन्या जखमांनी अपंग झालेले असत, हे जिम कॉर्बेट यांनी कुमाऊँतील आपल्या अनुभवांवरून १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. ते लक्षात घेता हा दंडक निव्वळ सभ्यतेचा नव्हता हे उघड होते.

परदेशांतील प्रथा : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सार्वजनिक जमिनीवर शिकारीचा परवाना असलेल्या कोणासही हरणाच्या हंगामात शिकार करता येते. एकाच रानावर अनेकांचा समान हक्क असल्याने तेथे मचाणाविषयीचे नियम निराळ्या प्रश्नातून निर्माण झाले. अनेक राज्यांत झाडाला खिळे वा पेचाच्या पायऱ्या ठोकण्यास मनाई असून मचाण सुटे, उचलून नेता येण्याजोगे असावे लागते. काही राज्यांत त्यावर मालकाचे नाव व पत्ता किंवा ओळखक्रमांक लिहावा लागतो, आणि हंगाम संपल्यावर, क्वचित रोजच्या रोज, ते उतरवावे लागते. आधी मचाण बांधून ठेवले म्हणून ती जागा राखीव होत नाही, हे तत्त्व सामान्यतः मान्य आहे. तथापि दुसऱ्याचे मचाण दिसल्यास पुरेसे अंतर ठेवून बसावे आणि त्याच्या परवानगीवाचून त्यावर चढू नये असा शिष्टाचार पाळतात. तेथील शिकाऱ्यांच्या अपघातांत मचाणावरून पडण्याचे अपघात बरेच असल्याने अंगाभोवती आवळायचा सुरक्षापट्टा वापरण्यावर भर देतात. जर्मनीत याच्या उलट शिकारीचा हक्क जमिनीशी निगडित असून किमान ७५ हेक्टर सलग जमीन असल्यासच मालकाला स्वतंत्र शिकारक्षेत्र मिळते. त्यामुळे तेथील शेतांच्या कडेला कायमची लाकडी उंच आसने दिसतात.

बंदी व नंतरचा उपयोग : भारतात १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या अधिनियमात आरंभी परवान्याने काही जनावरांची शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने रद्द झाले आणि त्यांबरोबर १७ वे कलमही वगळण्यात आले, कारण ज्या क्रीडेचे नियमन करावयाचे तीच संपली होती. त्यानंतर महाराष्ट्राच्या वनांत मचाण उरले ते निरीक्षणासाठी. वैशाखी पौर्णिमेस, म्हणजे पाणी अगदी थोड्या जागी राहिलेले असताना व रात्रभर चांदणे असताना, पाणवठ्यांवर मचाणे बांधून चोवीस तास जनावरांची नोंद घेण्याची पद्धत मेळघाट, ताडोबा इ. ठिकाणी रूढ झाली. ज्या पाणवठ्यावर बंदूक घेऊन बसण्यास कायद्याने मनाई केली होती, तेथेच वही घेऊन बसण्यास वनखाते लोकांना बोलावू लागले. या गणनेत एकच जनावर दोन पाणवठ्यांवर मोजले जाण्याचा संभव असतो, आणि आभाळ आले की रात्रीच्या नोंदी निरुपयोगी ठरतात. २००६ पासून देशातील वाघांची अंदाजित संख्या स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने काढली जाऊ लागल्यावर मचाणावरील नोंदींना ‘निसर्गानुभव’ एवढेच स्वरूप राहिले. त्यातही निःशब्द राहणे, उग्र वासाचे पदार्थ न लावणे, विजेरीचा झोत जनावरावर न टाकणे व मुदत संपेपर्यंत खाली न उतरणे हे जुन्या शिकाऱ्यांचेच नियम पाळावे लागतात.

शेतातील माळा : मराठवाड्यासारख्या विरळ वनांच्या प्रदेशात मचाणाचा खरा प्रश्न शेतात आहे. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरितादेवीच्या स्थानासाठी प्रसिद्ध आहे. गोदावरीच्या दक्षिणेकडील या पट्ट्यात राखीव वन अल्प असून माळराने, गायराने व काळी शेतजमीन एकमेकांत मिसळलेली आहेत. काळवीट हा अशा उघड्या मुलखाचाच प्राणी आहे. जायकवाडीच्या उजव्या कालव्याने गेवराई-माजलगाव भागात पाणी आल्यावर ऊस वाढला आणि रानडुकरांना दिवसा दडून बसण्यास जागा मिळाली. काही भागांत रोहीही आढळतात. ज्वारी हुरड्यात आली की दिवसा पाखरे व रात्री डुकरे अशी दुहेरी राखण करावी लागते. चार मेढी, त्यांवर आडवे वासे, वर तुराट्या किंवा पळाट्या पसरून माळा करतात. चढण्यास शिडी असते. गोफण, डबा, फटाके व विजेरी एवढीच राखणदाराची शस्त्रे. काळ्या जमिनीत ओल असताना मेढी सैल होतात आणि सुकताना जमीन भेगाळते, म्हणून त्या खोल रोवून दगडांनी ठासाव्या लागतात.

माळ्यावर बसणे, आरडाओरडा करून जनावर पिकातून हुसकावणे यास कायद्याची हरकत नाही. परंतु अधिनियमातील ‘शिकार’ या संज्ञेत मारण्याबरोबरच पकडणे, फासे लावणे, हाका करून जनावरे पिटाळणे, आमिष दाखविणे व जखमी करणे यांचा, तसेच तसा प्रयत्न करण्याचाही समावेश होतो. म्हणून माळ्याखाली फासा लावून वर वाट पाहणारा शेतकरी आपल्याच शेतात असला, तरी अपराधी ठरतो. येथे आणखी एक समजूत दूर करणे अवश्य आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद आहे; तो शस्त्र बाळगण्याचा परवाना होय, वन्य पशू मारण्याचा नव्हे. १९७२ च्या अधिनियमाच्या ११ व्या कलमाखाली पिकाची नासाडी करणाऱ्या काही जनावरांना मारण्यास सक्षम अधिकाऱ्याची लेखी व कारणांसह परवानगी लागते. महाराष्ट्रात रानडुक्कर व रोही यांच्याबाबत अशी परवानगी मिळण्याची व्यवस्था करण्यात आली आहे. काळवीट, चिंकारा, मोर व लांडगा हे अनुसूची १ मधील असल्याने पीक खाल्ले या कारणावरून त्यांना मारता येत नाही. याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात १९९४ मध्ये सु. ३० चौ. किमी. क्षेत्राचे नायगाव मयूर अभयारण्य स्थापन झाले. त्याच्या सीमेबाहेर दाणे टिपणाऱ्या मोरासही तेच संरक्षण आहे.

राखणीची रात्र कष्टाची असते आणि भरपाईसाठी विहित मुदतीत अर्ज व पंचनामा करावा लागतो. जागणारी माणसे कमी झाल्याने कित्येक ठिकाणी माळ्याची जागा कुंपणात सोडलेल्या विजेच्या प्रवाहाने घेतली आहे. अधिकृत सौर कुंपणात प्रवाह क्षणोक्षणी खंडित होत असल्याने जनावरास केवळ झटका बसतो. घरगुती वाहिनीवरून घेतलेला प्रवाह मात्र डुक्कर, काळवीट आणि शेजारच्या बांधावरून पहाटे जाणारा माणूस यांत भेद करीत नाही. अशा कुंपणाने जनावर मेल्यास ती शिकारच ठरते व चोरून वीज घेतल्याबद्दल स्वतंत्र खटलाही होतो. आत्मरक्षणार्थ, सद्‌हेतूने एखादे जनावर मारावे लागल्यास तो अपराध नव्हे. परंतु तसे मारलेले अथवा जखमी झालेले जनावर शासनाच्या मालकीचे असते, आणि त्याचे मांस, कातडे वा शिंगे ठेवून घेण्याचा हक्क मारणाऱ्यास मिळत नाही.