एक छेद आणि न संपणारे बिल

हदगाव, हिमायतनगर, अर्धापूर या परिसरातील रुग्णास शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, की तो पुन्हा आपल्याच वैद्याकडे विचारावयास येतो. नांदेडला करावी की हैदराबादला, हा प्रश्न जुना आहे. आता त्यात नवा प्रश्न मिळाला आहे : ‘एकाच छिद्रातून रोबो करतो म्हणे, ते करून घ्यावे का?’ रुग्णाच्या शेताची किंमत पणास लागत असताना या प्रश्नाचे उत्तर आपणांस ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

इंट्युइटिव्ह सर्जिकल या अमेरिकन कंपनीच्या ‘दा विंची’ यंत्रास तेथील अन्न व औषध प्रशासनाने सन २००० मध्ये मान्यता दिली. त्यात प्रत्येक बाहूसाठी स्वतंत्र छिद्र लागते. २०१८ मध्ये मान्य झालेल्या ‘एसपी’ या यंत्रात सुमारे अडीच सेंटीमीटर व्यासाच्या एकाच नळीतून तीन उपकरणे व एक कॅमेरा आत जातो. सुश्रुताने एकशे एक यंत्रांत हातासच प्रधान मानले; येथे हात दूर बसून आज्ञा देतो, ऊतींचा स्पर्श मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही.

औषध विक्रेत्या बांधवांस यातील व्यापार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. ग्लुकोमीटर स्वस्तात द्यावयाचा आणि पट्ट्यांवर कमवावयाचे, हा प्रकार त्यांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. फरक एवढाच, की येथे यंत्रही कोट्यवधींचे आणि ‘पट्ट्या’ही महाग! बहुतेक उपकरणे ठरावीक वेळाच वापरता येतात. त्याची मोजणी यंत्रच ठेवते आणि मर्यादा संपली की ते उपकरण स्वीकारत नाही. कंपनीच्या २०२४ मधील उत्पन्नापैकी ८० टक्क्यांहून अधिक भाग उपकरणे, साहित्य, देखभाल व भाडे अशा पुनःपुन्हा येणाऱ्या रकमांचा होता. यंत्र घेणाऱ्या रुग्णालयावर म्हणूनच ते सतत चालते ठेवण्याचा दबाव राहतो. आमच्या मते रुग्णाने सावध व्हावे ते येथेच.

या आशेवर इतरांनीही पैसा लावला. ट्रान्सएंटेरिक्सच्या एकछेदी ‘सर्जिबॉट’ला एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेत परवानगी नाकारली गेली. टोरोंटोच्या टायटन मेडिकलने अनेक वर्षे खपून यंत्र बाजारात आणलेच नाही आणि २०२३ मध्ये आपल्या तंत्राचा परवाना ७५ लाख डॉलरना इंट्युइटिव्हलाच दिला.

एका छेदाचा खरा लाभ व्रण कमी दिसण्याचा. दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, वर्षभरानंतर एकछेदी गटात ८.४ टक्के रुग्णांना छेदाच्या जागी हर्निया आढळला. चार छिद्रांच्या गटात हे प्रमाण १.२ टक्के होते. तो अभ्यास रोबोचा नव्हता हे खरे. पण बेंबीजवळचा मोठा छेद शेवटी छेदच. (भगंदरासाठी कोणी रोबो मागू लागल्यास त्यास क्षारसूत्राची आठवण अवश्य द्यावी.)

रुग्णास पाठविताना चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून द्यावेत : शल्यचिकित्सकाने या यंत्रावर स्वतः किती शस्त्रक्रिया केल्या, हेच काम साध्या दुर्बिणीने होईल काय, आणि उपकरणांचा आकार बिलात वेगळा लागतो काय. विमा असल्यास पॉलिसीही वाचून द्यावी. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोबोटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतून वगळता येत नव्हती. परंतु तिच्यासाठी वेगळी, कमी रकमेची मर्यादा घालण्याची मुभा त्या सूचनांत कंपनीस होती; पॉलिसीत अशी मर्यादा असल्यास त्यावरील रक्कम रुग्णाच्या खिशातून जाते.