वाफेची वाट – लेखांक ९ : काय गंजतं, काय उरतं

मागच्या लेखात चालत्या इंजिनाचा बॉयलर आतून पाहिला. तेच इंजिन वीस वर्षं उघड्यावर पडून राहिलं तर त्याचं काय होतं, हे समजून घ्यायला साउथ वेल्समधल्या बॅरी बंदराइतकी चांगली जागा नाही.

ब्रिटिश रेल्वेने वाफेची इंजिनं मोडीत काढायला सुरुवात केली, तेव्हा त्यातली २९७ बॅरीच्या वुडहॅम ब्रदर्स यांच्या भंगार आवारात येऊन पडली. मालक डाय वुडहॅम यांनी आधी मालडबे तोडायला घेतले, कारण ते काम झटपट होई. इंजिनं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात तशीच उभी राहिली.

गंज इंजिनाला सगळीकडे सारखा खात नाही. पहिला बळी पातळ पत्र्याचा. ड्रायव्हरची केबिन, पाण्याच्या टाक्या आणि टेंडर यांची चाळण होते. बॉयलरभोवतीचं उष्णता राखणारं अस्तर पाणी शोषतं आणि ओलं फडकं गुंडाळून ठेवल्यासारखं खालच्या पोलादाला सुकूच देत नाही. वाईट अवस्था असते ती समोरच्या स्मोकबॉक्सची. तिथे साचलेल्या राखेत आणि काजळीत कोळशातलं गंधक असतं. चिमणीतून पाऊस आत उतरला की त्याचं आम्ल होतं आणि तळाचा पत्रा आतून झिजत जातो. बाहेरून मात्र सगळं धडधाकट दिसतं.

फायरबॉक्सच्या आतल्या आणि बाहेरच्या भिंती शेकडो स्टे बोल्टनी एकमेकींना धरून असतात. जाणकार हातोडीने एकेका स्टेवर ठोका देतो. खणखणीत आवाज आला तर स्टे शाबूत, बद्द आला तर तुटलेला. बऱ्याच ब्रिटिश इंजिनांत आतली भिंत तांब्याची असल्यामुळे ती गंजत नाही. मात्र बाहेरचं पोलाद आणि बॉयलरच्या नळ्या बहुधा बदलाव्याच लागतात. चाकं, फ्रेम आणि ओतीव सिलिंडर इतके जाड असतात की वरचा गंज खरवडला की बहुतेक वेळा खाली कामाचा धातू सापडतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की गंजापेक्षा मोठा घात हरवलेल्या भागांनी होतो. गंजलेला पत्रा नवा घालता येतो. पितळेची आणि तांब्याची जोडणी भंगारात गेली, किंवा ओढून नेताना कनेक्टिंग रॉड गॅसने कापला, की तो भाग नव्याने घडवावा लागतो. आराखडा नसेल तर मोजमापापासून सुरुवात.

याचं बॅरीतलंच उदाहरण म्हणजे ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’. हे १९५४ साली क्रू इथे बांधलेलं तीन सिलिंडरांचं इंजिन, त्याच्या जातीचं एकमेव. त्याचे बाहेरचे दोन्ही सिलिंडर काढून घेतले होते. त्यातला एक छेद देऊन लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये मांडला गेला. उरलेला सांगाडा हौशी मंडळींनी १९७४ मध्ये विकत घेतला. सिलिंडर नवे ओतले, झडपांची कॅप्रोटी यंत्रणा नव्याने बसवली आणि १९८६ मध्ये इंजिन धावलं. काम करताना त्यांना एक जुनं कोडंही उलगडलं. राखपेटीला हवा देणारी दारं आराखड्यापेक्षा लहान झाली होती, म्हणून नोकरीत असताना आग पुरेशी पेटतच नव्हती. दुरुस्तीनंतरचं हे इंजिन मूळच्यापेक्षा सरस ठरलं.

बॅरीच्या २९७ पैकी २१३ इंजिनं जतनासाठी बाहेर पडली. पहिलं १९६८ मध्ये, शेवटचं १९९० मध्ये. त्यातली सगळी धावली नाहीत. पैसा आणि कुशल हात हे दोन्ही लागतात, आणि दोन्ही तुटपुंजे असतात.

आपल्याकडे स्टेशनांबाहेर चौथऱ्यावर मांडलेली वाफेची इंजिनं आहेत. त्यांना दरवर्षी रंग देण्याआधी चिमणीचं तोंड झाकावं, स्मोकबॉक्समधली राख उपसावी आणि पाणी वाहून जायला वाट ठेवावी. एवढ्याने पुढच्या पिढीच्या हाती दुरुस्त होण्याजोगं इंजिन पडेल.

पुढच्या लेखात : बॉयलरची दाबचाचणी कशी घेतात.