पासवर्ड हरवल्यावर उरते काय?

गेल्या चाळीस वर्षांत वैयक्तिक संगणकाचे कुलूप कसे बदलत गेले, याचा मागोवा घेतला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. जुन्या यंत्रांतला पासवर्ड यंत्राला अडवी, आतल्या मजकुराला नव्हे. १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या पीसी एटीमध्ये वेळ आणि यंत्राची मांडणी बॅटरीवर टिकणाऱ्या सीमॉस मेमरीत साठवली जाई. पुढे बहुतेक पीसींचा सुरुवातीचा पासवर्डही तिथेच गेला. साहजिकच बॅटरी काढली किंवा मदरबोर्डवरचा जंपर हलवला, की तो पुसला जाई. यंत्र सुरू करणाऱ्या काही बायोस प्रणालींमध्ये तर उत्पादकाने ठेवलेला सामाईक पासवर्डही चाले. थिंकपॅड लॅपटॉपांनी बंदोबस्त कडक केला. सुपरवायझर पासवर्ड बॅटरीविना टिकणाऱ्या ईईप्रॉम चिपमध्ये गेला आणि तो विसरल्यास मदरबोर्ड बदलणे हाच अधिकृत उपाय उरला. तरीही हार्ड डिस्कला स्वतंत्र पासवर्ड नसेल, तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून फायली वाचता येत. मालकाच्या मृत्यूनंतर जुनी हस्तलिखिते, हिशेब, पत्रे आज वारसांना परत मिळतात ती या उणिवेमुळेच.

२००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर बिटलॉकर आले आणि संपूर्ण डिस्क कूटबद्ध करण्याची सोय सामान्य पीसीवर पोहोचली. अशी डिस्क काढून दुसरीकडे जोडली, तरी दिसतो तो अर्थहीन बिटांचा ढीग. पासवर्ड गेला आणि ४८ अंकी रिकव्हरी कीही नसेल, तर मजकूर गेलाच. यावर कोणी म्हणेल, उद्याचे वेगवान संगणक हेही कुलूप उघडतील; युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांचा १९८०च्या सुमाराचा पासवर्ड २०१९ मध्ये उकललाच ना? खरे आहे, पण त्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठ अक्षरेच विचारात घेतली जात. आजची की किमान १२८ बिटांची असते आणि प्रत्येक वाढीव बिटागणिक शोधाचे काम दुप्पट होते. निव्वळ वेगाच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

मग कुलूप पुन्हा कच्चे करावे का? मुळीच नाही. वारसाला उघडणारी फट चोरालाही उघडते, आणि चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधली माहिती सुरक्षित राहणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. मृताच्या खाजगीपणाचा आक्षेपही रास्त आहे. म्हणूनच काय उघडायचे आणि कोणासाठी, हे मालकानेच हयातीत ठरवायला हवे. पूर्वी ही जबाबदारी यंत्राची उणीव नकळत पार पाडत होती. आता ती आपली आहे. रिकव्हरी की कागदावर उतरवा, मृत्युपत्राजवळ ठेवा आणि ती कुठे आहे हे विश्वासाच्या एका माणसाला आजच सांगा.