फांदी तोडायचे इतके पैसे?

पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीच्या सभेत हा प्रश्न हमखास निघतो. कोयता चालवायचे एवढे हजार? खरं तर पैसे कापण्याचे कमी, उतरवण्याचेच जास्त असतात.

ओल्या लाकडाच्या एका घनमीटरचं वजन ढोबळमानाने टनाच्या आसपास भरतं. 60 सेंटीमीटर व्यासाच्या बुंध्याचा मीटरभर तुकडा म्हणजे पाव टनाहून अधिक! व्यास दुप्पट झाला, तर तेवढ्याच लांबीचं वजन चौपट. मोकळ्या माळावर असा ओंडका खुशाल पडू द्यावा. खाली गाड्या, वर विजेच्या तारा असल्या की तुकडा-तुकडा दोरानं उतरवावा लागतो; माणसं, वेळ आणि जोखीम, तिन्ही वाढतात. पुढे पालापाचोळा वाहून नेणं वेगळंच.

स्वस्तात शेंडा छाटून देणाऱ्याला मात्र मी तरी झाडाला हात लावू देणार नाही. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड तो भाग आतून बंदिस्त करतं. अमेरिकी वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हे दाखवून दिलं. फांदीच्या मुळाशी असलेला फुगीर कंगोरा राखून कापलं, तरच हे नीट साधतं. शेंडा उडवला की जोमानं फुटवे येतात, पण त्यांची पकड कच्ची. काही वर्षांनी तेच वादळात मोडतात, आणि खर्च पुन्हा दारात.

शहरात 1975च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीही लागते, झाड आपल्या आवारातलं असलं तरी. तेव्हा दर ठरवताना परवानगी, राडारोडा आणि कामगारांचा विमा कोणाकडे, हे लेखी घ्या.