सादरीकरणाची फाइल उघडत नाही? आतला मजकूर शाबूत असू शकतो

नवी दिल्ली : प्रबंधाच्या मौखिक परीक्षेच्या आदल्या रात्री सादरीकरणाची फाइल उघडू नये, हा प्रसंग अनेक विद्यार्थ्यांवर ओढवतो. अशा वेळी घाबरून फाइल पुसली जाते, किंवा तिच्यावरच पुन्हा पुन्हा प्रयोग केले जातात. दोन्ही घातक आहे. न उघडणाऱ्या फाइलमधील चित्रे व मजकूर बरेचदा जागच्या जागी असतो.

याचे कारण फाइलच्या घडणीत आहे. ऑफिस २००७ पासून पॉवरपॉइंटची फाइल ‘पीपीटीएक्स’ स्वरूपात जतन होते. हे स्वरूप म्हणजे वस्तुतः झिप पद्धतीने बांधलेले गाठोडे. त्यात प्रत्येक स्लाइडचा मजकूर एक्सएमएलच्या स्वतंत्र फाइलमध्ये, तर छायाचित्रे व चित्रफिती ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. या सामानाची यादी मात्र गाठोड्याच्या अगदी शेवटी लिहिलेली असते. कॉपी पूर्ण होण्याआधीच पेन ड्राइव्ह काढला किंवा डाउनलोड अर्धवट राहिले, तर हा शेवटचा भागच तुटतो. सामान बरेचसे असते, यादी हरवते आणि पॉवरपॉइंट फाइल नाकारते.

पहिले काम म्हणजे बिघडलेल्या फाइलची प्रत संगणकाच्या डिस्कवर घेणे व पुढचे सारे उपाय त्या प्रतीवर करणे. फाइल ईमेलने आली असेल, तर ती बिघडलेलीच असेल असे नाही. विंडोज अशा फाइलला सुरक्षेसाठी अडवून ठेवते. फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’चा पर्याय दिसल्यास तो निवडावा. त्यानंतर पॉवरपॉइंटने देऊ केलेली ‘रिपेअर’ सुविधा वापरावी. मात्र या दुरुस्तीत काही स्लाइड कोऱ्या होऊ शकतात, म्हणून निकाल वेगळ्या नावाने जतन करावा. तेही न साधल्यास, पॉवरपॉइंटच्या ज्या आवृत्तीत ‘रीयूज स्लाइड्स’ची सोय अजून आहे, तेथे कोरे सादरीकरण उघडून तिच्याद्वारे जुन्या स्लाइड ओढता येतात. लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये फाइल उघडून पाहण्यासही हरकत नाही.

हे सारे फसले, तर प्रतीच्या नावातील ‘पीपीटीएक्स’ हा शेवट बदलून ‘झिप’ करावा आणि गाठोडे सोडवावे. यादी हरवली असेल तर झिप फाइल दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर लागते. स्लाइडची मांडणी हाती लागली नाही, तरी चित्रे व मजकूर मिळू शकतो. युनिकोडमध्ये टंकलेला मराठी मजकूर एक्सएमएलमध्ये सरळ वाचता येतो. शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधील मजकूर मात्र रोमन अक्षरांचा गोंधळ वाटतो. तो बिघाड नव्हे, तोच फॉन्ट लावला की अक्षरे परत दिसतात.

फाइल दुरुस्त करून देण्याचे आश्वासन देणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. रुग्णांची माहिती, प्रश्नपत्रिका किंवा अप्रकाशित संशोधन तेथे चढवणे म्हणजे ते परक्याच्या हाती देणे होय.

फाइलचा आकार शून्य दिसत असेल, तर त्या फाइलमधून काहीही निघणार नाही. वीज गेल्यानंतर कधी आकार बरोबर दिसतो, पण आत नुसती शून्ये भरलेली असतात. तेव्हा शोध अन्यत्र घ्यावा : ईमेलच्या ‘सेंट’ फोल्डरमधील जुनी प्रत, वनड्राइव्हमधील आधीच्या आवृत्त्या किंवा पॉवरपॉइंटची ‘ऑटोरिकव्हर’ प्रत. ही प्रत सामान्यतः दर १० मिनिटांनी घेतली जाते. २००७ पूर्वीच्या ‘पीपीटी’ फाइलची घडण वेगळी असल्याने तिला झिपचा उपाय लागू पडत नाही.