काकांची पद्मिनी: आधी थांबायला शिकवा, मग पळायला

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला मेसेज एकच: "भाई, मसल कार कर ना!" आता मस्टँग मी बदलापूरच्या सोसायटीत कुठून आणू? आपल्याकडे मसल कारचा मान काँटेसाचा, आणि ती बनायची बंगालात, उत्तरपाड्याला. आपली घरची गाडी म्हणजे कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. मसल फारशी नाही, पण हाडापेराने मजबूत.

काकांची १९८६ ची पद्मिनी सात वर्षं कव्हरखाली उभी आहे. सोसायटीने नोटीस लावली, गाडी चालती करा नाहीतर हलवा. काका म्हणाले, "तू इंजिनिअर ना रे? मग बघ की." मी सॉफ्टवेअरवाला, पण हे काकांना कोण सांगणार!

बंद गाडीला थेट स्टार्टर मारू नका. आत रिंगा चिकटलेल्या असू शकतात. चारही प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडायचं, दोन दिवस थांबायचं. मग पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. सहज फिरलं, तरच पुढे.

आता खरी गोम. तुमच्या-माझ्या जन्माआधीच्या या गाडीला आजचं पेट्रोल पचत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप त्याने फुगतात, मऊ पडतात, कधी चिरतात. आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं; बदलापूरचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. गाडी उभी राहिली की टाकीच्या तळाला गंज, त्याचा चुरा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये. म्हणून आम्ही टाकी उतरवून साफ केली, सगळे पाइप व्हायटन रबराचे घातले, फ्युएल पंपाचा पडदाही बदलला. मेकॅनिक या पंपाला 'एसी पंप' म्हणतात, एसीशी त्याचा काही संबंध नाही. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणारच.

मग ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. ते अंबरनाथच्या एमआयडीसीत लेथवर साफ करून घेतले, ऑइल आणि सिलिंडरची रबरं नवी टाकली. सीटची कव्हरं उल्हासनगरात खुशाल शिवून घ्या, मस्त होतात. ब्रेकच्या रबराला मात्र 'मेड इन यूएसए' चालणार नाही. (उल्हासनगरवाल्यांनो, हलकेच घ्या.)

अपग्रेड म्हणाल तर माझं आवडतं सगळ्यात स्वस्त आहे: हेडलाइटला रिले. ६० वॅटचे दोन बल्ब, १२ व्होल्ट, म्हणजे १० अँपियर करंट. तो सगळा जुन्या स्विचमधून, जुन्या वायरीतून जातो आणि वाटेत व्होल्टेज पडतं. बल्बला १० व्होल्टच मिळाले तर प्रकाश जवळपास निम्मा होतो. रिले लावला की बॅटरीचा करंट जाड वायरीने थेट बल्बला जातो, स्विच फक्त हुकूम देतो.

"मोठं इंजिन बसवू का?" असं बऱ्याच जणांनी विचारलंय. आरसीवर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं हेच बघेल. त्यात २० वर्षांवरच्या कारचं रजिस्ट्रेशन नूतनीकरण ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालंय. एवढे भरून नापास कशाला व्हायचं?

गेल्या रविवारी इंजिन सुरू झालं. काकांनी कंपाउंडमध्येच दोन फेऱ्या मारल्या. रजिस्ट्रेशन संपलेलं, म्हणून गेटबाहेर नाही. सोसायटीची मुदत महिनाअखेरीस संपते, आणि कल्याण आरटीओची तपासणी त्याच्या आठ दिवस आधी आहे. डाव्या मागच्या चाकाचा ब्रेक अजून थोडा ओढतोय. आज संध्याकाळी तोच उघडतोय.