हाड दुखते, पण दोष मज्जेत

हाडे दुखू लागली की आपण चटकन म्हणतो, "कॅल्शियम कमी पडले." गोशे रोगात मात्र बिघाड निराळाच असतो. फ्रेंच डॉक्टर फिलिप गोशे यांनी १८८२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले.

आपल्या शरीरात जुन्या रक्तपेशी सतत मोडीत निघतात. त्यांच्या आवरणातील एक मेदद्रव्य फोडण्याचे काम एक विकर, म्हणजे एन्झाइम, करते. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर हे विकर अपुरे पडते. मग मेदाने फुगलेल्या पेशी प्लीहेत व हाडांतील मज्जेत दाटतात. हाडाचा रक्तपुरवठा खुंटतो, असह्य कळा येतात. कधी मांडीच्या हाडाचा गोल माथाच खचतो. नुसत्या कॅल्शियमने काय होणार?

साध्या क्ष-किरण चित्रात मज्जेतील बदल दिसत नाही. एमआरआय हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे संकेत टिपतो. त्यामुळे तो बदल लवकर कळतो.

विकर शिरेवाटे देण्याच्या उपचाराला १९९१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. उपचार फार महाग आहे; पण २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली मदत मिळू शकते. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे त्याचे एक केंद्र. अहिल्यानगर जिल्ह्यातील रोग्यालाही तेथे जाता येते.

म्हणून एखाद्या मुलाचे पोट डावीकडे फुगलेले असेल, हाडे वारंवार ठणकत असतील, तर 'वाढीचे दुखणे' म्हणून सोडून देऊ नका. रक्तातील विकर मोजले की निदान होते. खचलेले हाड मात्र पूर्ववत होत नाही.